चार हात लांब

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ज्यूंचे जुने ग्रंथ वाचायला घेतले. का, ते घरात कोणालाच धड सांगता आलं नाही. नणंदेनं विचारलं, "ज्ञानेश्वरी वाचून झाली का, वहिनी?" समोरच्या काकांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "म्हणजे तुम्ही नक्की कुठल्या बाजूच्या?" तेव्हा टीव्हीवर रोज तिकडचीच लढाई चालू होती, त्यामुळे त्यांचंही चुकलं नाही. मी म्हटलं, मी दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाजूची. ते हसले, पण पुढे काही दिवस माझ्याशी जरा जपूनच बोलायचे.

तीस वर्षं मी नववी-दहावीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय, मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री उघडतात. धर्मनिरपेक्षतेचा धडा चालू असताना एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, वेगळं ठेवायचं म्हणजे आधी एकत्र असणार. ते एकत्र कोणी केलं?" तास संपत आला होता. मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं आणि घंटा झाली. तो प्रश्न मात्र डोक्यात राहिला.

रिकामपण आल्यावर शोधायला बसले, तर पहिल्याच आठवड्यात एक गंमत सापडली. आपण 'थिऑक्रसी' म्हणतो, धर्मसत्ता, तो शब्द पहिल्यांदा योसेफस नावाच्या ज्यू इतिहासकारानं वापरला, पहिल्या शतकाच्या अखेरीस, ग्रीकमध्ये. त्याचं म्हणणं असं की कुठे एका राजाचं राज्य असतं, कुठे थोड्यांचं, कुठे सगळ्या लोकांचं. आमच्या मोशेनं, म्हणजे ज्यूंना नियमशास्त्र देणाऱ्यानं, सत्ता देवाच्या हाती दिली, शब्दाची जरा ओढाताण करून बोलायचं तर त्याला थिऑक्रसी म्हणता येईल. शब्द नवा पाडताना बिचारा माफी मागतो. आणि हे लिहिताना राहत होता रोममध्ये, बादशहाच्या मेहेरबानीवर. गालीलमध्ये ज्यूंच्या बाजूनं रोमन सैन्याशी लढत होता, सन ६७ मध्ये शरण गेला, "तू बादशहा होशील" असं सेनापती वेस्पासियनला सांगितलं आणि जीव वाचवला. देवाच्या राज्याची व्याख्या करणारा माणूस कैसरच्या अन्नावर. तिथेच मला हे प्रकरण आवडलं.

दुसरं कारण घरचं. आमचं मूळ गाव रायगडात, समुद्राकाठी. माझी आजी तिच्या लहानपणच्या शनवार तेल्यांबद्दल सांगायची. त्यांचा घाणा शनिवारी बंद, म्हणून तेल शुक्रवारीच आणून ठेवायचं. हे लोक म्हणजे बेने इस्राएल. पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा. माझ्या लहानपणापर्यंत बरेचसे इस्राएलला गेले होते. अलिबागेत इस्राएल आळी आहे, सिनेगॉग आहे, पण आजीच्या गोष्टीतला घाणा मी काही पाहिला नाही. पुण्यात आल्यावर लाल देवळावरून कितीतरी वेळा गेले असेन. ते ज्यूंचं, डेव्हिड ससूननं बांधवलेलं, हे ठाऊक होतं. आत कधी डोकावले नाही.

याच वाचनात १८७४ साली पुण्यात छापलेल्या हगादाची पानं पडद्यावर पाहायला मिळाली. वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायची ही पोथी, एका बाजूला हिब्रू, एका बाजूला मराठी. त्यात बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या बायकांचं चित्र आहे, साड्या नेसलेल्या. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामगिरीतून सुटल्याची गोष्ट, आणि चित्रात आपल्या आळीतल्या बायका. मी ते चित्र मोठं करून बराच वेळ बघत बसले.

आणि याच लोकांना, इस्राएलला गेल्यावर, १९६०च्या सुमारास तिथल्या धर्मपीठानं विचारलं की तुम्ही पुरते ज्यू कशावरून? लग्न लावायचं तर आजी-पणजीपर्यंत चौकशी. शेकडो वर्षं शनिवार पाळल्यावर हा प्रश्न. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेला ठराव करावा लागला की बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यू आहेत. धर्माचा प्रश्न धर्मपीठानं काढला आणि संसदेनं मिटवला. वर्गात सांगायला हे उदाहरण किती छान झालं असतं, पण तेव्हा मला माहीत नव्हतं.

तर वाचायला बसले. आधी मराठी बायबल, त्यातला जुना करार. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते छापून निघालं. त्याच्या धाकानं मी पहिल्या पानापासून शिस्तीत सुरुवात केली, आणि लेवीय नावाच्या पुस्तकात रुतले. यज्ञात चरबी कुठली जाळायची, गुरदे कुठे ठेवायचे, घराच्या भिंतीला बुरशी आली तर याजकानं किती दिवसांनी येऊन बघायचं. दोन महिने तिथेच. पुस्तकातली खूण हलेना. शेवटी शिस्त सोडली आणि जिथे राजा दिसेल तिथे वाचायचं ठरवलं. हा उलटा रस्ता कोणाला सुचवणार नाही, पण माझा तोच झाला.

एक शंभर पानी वही केली होती. डाव्या पानावर ग्रंथात काय आहे ते, उजव्या पानावर मला काय वाटलं ते. आता उघडून पाहिली तर सुरुवातीची सगळी उजवी पानं काठोकाठ भरलेली, आणि डाव्या पानावर चार ओळी. शिक्षकाची खोड, दुसरं काय.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा आठवा अध्याय मात्र मी अक्षर न गाळता उतरवला. लोक म्हाताऱ्या शमुवेल संदेष्ट्याकडे येतात आणि म्हणतात, आम्हाला राजा दे, इतर राष्ट्रांना असतो तसा. शमुवेलाला वाईट वाटतं. देव म्हणतो, त्यांनी तुला नाही, मला नाकारलंय, पण त्यांचं ऐक. फक्त राजा काय करील ते नीट सांग. मग शमुवेल सांगतो. तुमची मुलं घेईल आणि रथापुढे धावायला लावील. तुमच्या मुली घेईल, अत्तरं करायला, स्वयंपाकाला, भाकऱ्या भाजायला. चांगली शेतं, द्राक्षमळे, जैतुनाची झाडं घेईल आणि आपल्या चाकरांना देईल. धान्याचा दहावा भाग घेईल, मेंढरांचा दहावा घेईल, गाढवंसुद्धा घेईल. मग तुम्ही ओरडाल, आणि त्या दिवशी देव ऐकणार नाही. 'घेईल, घेईल, घेईल' असं तालात येतं ते. लोकांचं उत्तर एवढंच की नाही, आम्हाला राजा पाहिजेच. तो आमच्यापुढे चालेल आणि आमच्या लढाया लढेल.

मी इतकी वर्षं शिकवलं की राजा म्हणजे देवाचा अंश ही जुन्या जगातली सार्वत्रिक समजूत. इथे देव स्वतःच राजा नेमण्याच्या विरोधात मत नोंदवतो, आणि तरी लोकांचं मानतो.

मग पाठोपाठ अनुवाद नावाच्या पुस्तकातला सतरावा अध्याय. राजा नेमालच तर अटी अशा: त्यानं फार घोडे ठेवू नयेत, त्यासाठी लोकांना मिसरला धाडू नये, फार बायका करू नयेत, सोनं-चांदी साठवू नये. आणि गादीवर बसला की नियमशास्त्राची नक्कल लिहून घ्यावी, जन्मभर ती वाचावी, म्हणजे भाऊबंदांपेक्षा आपण वर आहोत असं त्याच्या मनात येणार नाही. हे वाचून शलमोनाकडे गेले. ज्याच्या शहाणपणाच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या, तोच. राजांच्या पहिल्या पुस्तकात त्याचा हिशेब आहे: वर्षाला सहाशे सहासष्ट किक्कार (हे तिथलं जुनं वजन) सोनं, मिसरहून आणलेले घोडे, सातशे राण्या, तीनशे उपपत्नी. लिहिणारा वरवर थाट वर्णन करतो, पण क्रमानं एकेक अट मोडल्याचं नोंदवत जातो. आमच्या ऑडिटरची आठवण झाली. तोही असाच गोड बोलायचा.

नाबोथाची गोष्ट वाचून उठून पाणी प्यायले. अहाब राजाला महालाशेजारचा द्राक्षमळा पाहिजे, भाजीपाला लावायला. पैसे देतो म्हणतो, बदली जमीन देतो म्हणतो. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांची आहे, देणार नाही. राजा भिंतीकडे तोंड करून पडतो, जेवत नाही. मग राणी ईजबेल राजाच्या शिक्क्यानं गावच्या वडीलधाऱ्यांना पत्रं पाठवते: उपास पुकारा, लोकांना जमवा, नाबोथाला मानाच्या जागी बसवा, आणि समोर दोन हलकट माणसं बसवा. त्यांनी साक्ष द्यायची की यानं देवाला आणि राजाला शिव्या दिल्या. बस. दगडांनी ठेचून मारलं, मळा राजाचा. यात कुठेही कायदा मोडलेला नाही. उपास आहे, पंच आहेत, दोन साक्षीदारसुद्धा आहेत, नियमाप्रमाणे. ज्यांनी समुद्राकाठच्या जमिनींचे व्यवहार जवळून पाहिले आहेत त्यांना या गोष्टीवर टिपण लागणार नाही.

मग माझं धाडस वाढलं आणि मी तालमुदात शिरले. तालमुद म्हणजे ज्यू पंडितांच्या धर्मशास्त्रावरच्या वादांचा संग्रह, एक पुस्तक नव्हे. बाबिलोनी तालमुदाची २,७११ पानं, पान म्हणजे दोन्ही बाजू. जगभरचे लोक रोज एक पान वाचतात, १९२३ पासून ही रीत आहे, आणि संपायला साडेसात वर्षं लागतात. मी इंग्रजी भाषांतरातून, फुकट मिळतं तिथून, तीन वर्षांत चाळीसेक पानं वाचली असतील. त्यातली निम्मी कळली नाहीत हे इथेच कबूल करते. सुरुवात नाही, शेवट नाही. कोणीतरी काहीतरी म्हणतो, दुसरा खोडतो, तिसरा शंभर वर्षांनी येऊन पहिल्याची बाजू घेतो, मध्येच आंघोळीची गोष्ट निघते. वाड्यातल्या ओट्यावरच्या गप्पा कोणी उतरवून ठेवल्या तर अशाच दिसतील.

जेरुसलेमचं मंदिर सन ७० मध्ये रोमनांनी जाळलं. राजा नाही, सैन्य नाही, यज्ञवेदी नाही. योहानान बेन झक्काई नावाचे गुरू वेढ्यातून प्रेतपेटीत झोपून बाहेर पडले आणि वेस्पासियनकडे मागितलं काय, तर यावने गाव आणि तिथले पंडित. (तेही त्याला "तू बादशहा होणार" असंच सांगतात, म्हणजे त्या सेनापतीला हे भविष्य दोन दोन ज्यूंनी सांगितलं म्हणायचं.) पुढचा सगळा कारभार शब्दांवर चालला, वाद घालून आणि मतं मोजून. आणि हरलेलं मतही लिहून ठेवलं. मिश्नेत, म्हणजे तालमुदाच्या जुन्या गाभ्यात, विचारलंय की बहुमताप्रमाणेच चालायचं, तर एकट्याचं मत नोंदवायचं कशाला? उत्तर असं की पुढच्या एखाद्या न्यायसभेला ते पटलं तर तिला आधार राहावा. मी वहीच्या उजव्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'खन्ना!' आणीबाणीतल्या १९७६ च्या खटल्यात न्यायमूर्ती खन्नांनी एकट्यानं वेगळं मत दिलं होतं, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच बरोबर होतं असं म्हटलं.

अशा उत्साहात मला अख्नाईच्या चुलीची गोष्ट सापडली.

चूल म्हणजे तन्नूर. हिब्रूतला तन्नूर आणि आपला तंदूर एकच. एका तंदुराचे कडे कापून मध्ये वाळू भरून परत रचलाय. तो विटाळतो की नाही, असा वाद. रब्बी (म्हणजे धर्मपंडित) एलिएझर म्हणतात शुद्ध, बाकी सगळे म्हणतात अशुद्ध. एलिएझर जगातले सगळे युक्तिवाद करतात, कोणी मानत नाही. मग म्हणतात, माझं खरं असेल तर हे झाड सांगेल. झाड उपटून शंभर हात लांब जातं. बाकीचे म्हणतात, झाडाचा पुरावा चालत नाही. ओढ्याचं पाणी उलटं वाहतं. ओढ्याचाही चालत नाही. पाठशाळेच्या भिंती कलतात, तेव्हा रब्बी यहोशुआ भिंतींना दटावतात, पंडित भांडतात त्यात तुमचं काय काम? भिंती यहोशुआचा मान राखून पडत नाहीत आणि एलिएझरचा मान राखून सरळही होत नाहीत. शेवटी आकाशवाणी होते, एलिएझरचंच बरोबर आहे. यहोशुआ उभे राहतात आणि म्हणतात, ते स्वर्गात नाही. शास्त्र एकदा खाली दिलं, आता बहुमतानं चालायचं. पुढे कोणीतरी एलिया संदेष्ट्याला विचारतं, तेव्हा देवानं काय केलं? (अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर ज्याच्या रथाची खूण दाखवतात, तोच हा एलिया.) एलिया म्हणतो, देव हसला. म्हणाला, पोरांनी मला हरवलं.

एवढं वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. नागरिकशास्त्राच्या बाईला याहून काय पाहिजे? देवाचं मतसुद्धा एकच मत. पुढचे सहा महिने मी ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली. भिशीत सांगितली, मुलाच्या सासरी सांगितली. भिंतींपाशी लोक हसायचे, शेवटी "वा!" म्हणायचे.

मग दिवाळीत आतेभाऊ आला. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, आम्ही त्याला दादा म्हणतो. फराळाची ताटली हातात, मी रंगात येऊन पूर्ण गोष्ट सांगितली, आवाज काढून. दादा हसला नाही. चकलीचा तुकडा ताटलीत ठेवून म्हणाला, "मग त्या म्हाताऱ्याचं काय झालं?"

"कुठल्या?"

"अगं तो एकटा पडलेला. त्याचं काय केलं त्यांनी?"

मला माहीत नव्हतं. मी पुढचं वाचलंच नव्हतं. दादा म्हणाला, "आमच्याकडेपण बहुमतच होतं गं ते."

हे कोणालाही न सांगितलेलं आता सांगते. मी नुकतीच पुण्यात नोकरीला लागले होते तेव्हाची गोष्ट. ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध करायची असं गावकीनं ठरवलं. बैठक देवळात. उमेदवार ठरला, नारळ ठेवला, सगळ्यांनी हात लावला. आत्याचे यजमान, आम्ही त्यांना काकाच म्हणायचो, त्यांनी हात लावला नाही, आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन अर्ज भरला. मागे घ्या म्हणून दोनदा निरोप गेला. घेतला नाही. घरात मतं चार होती. काकांना पडली तीन. त्यानंतर गावकीनं त्यांचं घर वाळीत टाकलं. गिरणीवाला दळण घेईना. न्हावी येईना. गणपतीत आरतीला घरची चार माणसं. जो बोलेल त्याला दंड. हे अडीच वर्षं चाललं. मग काकांनी दंड भरला, देवळात नारळ दिला, आणि मिटलं म्हणायचं.

गावकीच्या पाच पंचांत माझे वडील होते. आत्या त्यांची पाठची बहीण.

मला ही हकीकत वडिलांच्या तोंडून माहीत होती. ते म्हणायचे, "काही वैर नव्हतं. पण एकाला सोडलं तर उद्या दहा उठतील. गावात फूट नको होती." मला ते तेव्हा पटलं होतं असं नाही, पण मी पुण्यात होते, आणि वडील ते वडील.

दादा गेल्यावर रात्रीच ते पान परत उघडलं. वहीत डावं पान अर्धंच भरलेलं होतं, त्याखाली कोरं.

पुढे असं आहे. त्याच दिवशी, एलिएझरनं आजवर शुद्ध ठरवलेलं सगळं आणून जाळलं. मग मतं घेतली आणि त्याला 'आशीर्वाद दिला'. म्हणजे बहिष्कृत केलं. मूळ शब्द आशीर्वादाचाच आहे. जसं आपण दुकान बंद करताना 'वाढवलं' म्हणतो, बांगडी फुटली की 'वाढवली' म्हणतो, तसं वाईट शब्द जिभेवर येऊ नये म्हणून. मग प्रश्न पडतो, त्याला जाऊन सांगणार कोण? रब्बी अकिवा म्हणतात, मी जातो. भलत्यानं जाऊन सांगितलं तर जग बुडेल. काळे कपडे घालून, काळं पांघरून जातात आणि चार हात लांब बसतात. एलिएझर विचारतात, अकिवा, आज काय वेगळं आहे? अकिवा म्हणतात, गुरुजी, मला वाटतं तुमचे सोबती तुमच्यापासून लांब राहताहेत. एलिएझर कपडे फाडतात, वहाणा काढतात, जमिनीवर बसतात. डोळ्यांतून पाणी येतं, आणि जगातलं तिसरा हिस्सा जैतून, तिसरा हिस्सा गहू, तिसरा हिस्सा जव करपून जातात.

बहिष्काराच्या वेळी प्रमुख होते रब्बान गमलिएल. ते गलबतात असताना बुडवायला लाट उठते. त्यांना कारण कळतं. उभे राहून म्हणतात, देवा, हे मी माझ्या मानासाठी केलं नाही, माझ्या घराण्याच्या मानासाठीही नाही. इस्राएलात भांडणं वाढू नयेत म्हणून केलं. लाट शमते.

या ओळीशी मी थांबले. वडिलांचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं.

पण गोष्ट तिथेही थांबत नाही. एलिएझरची बायको इमा शालोम, ही गमलिएलची सख्खी बहीण. त्या दिवसापासून ती नवऱ्याला पालथं पडून प्रार्थना करू देत नाही. त्यानं तसं गाऱ्हाणं घातलं तर भावाचं काय होईल, हे तिला माहीत. रोज राखण करते. महिन्याच्या पहिल्या दिवशी ही प्रार्थना नसते, आणि एकदा तिचा त्या दिवसाचाच हिशेब चुकतो. कोणी म्हणतात तसं नाही, दारात गरीब आला होता, ती त्याला भाकरी द्यायला बाहेर गेली. परत येऊन पाहते तो नवरा पालथा पडलेला. ती म्हणते, उठा, तुम्ही माझ्या भावाला मारलंत. तेवढ्यात गमलिएलच्या घरून शिंग वाजतं, तो गेल्याचं. नवरा विचारतो, तुला कसं कळलं? ती म्हणते, माझ्या आजोबांच्या घरचं ऐकलेलं आहे. सगळे दरवाजे बंद होतात, दुखावलेल्याचा दरवाजा बंद होत नाही.

मग मी पहिल्यांदाच अध्यायाचं पहिलं पान काढून पाहिलं. ही गोष्ट ना बहुमताच्या अध्यायात आहे ना देवाच्या. खरेदी-विक्रीत फसवणूक किती झाली की व्यवहार मोडावा, याचा तो अध्याय. तिथून निघतं की जशी मालात फसवणूक तशी बोलण्यातही दुखापत असते. घ्यायचं नसेल तर दुकानदाराला भाव विचारू नये. (लक्ष्मी रोडवर आम्ही सगळ्या बायका दोषी.) पश्चात्ताप केलेल्याला जुनं काढून बोलू नये. आणि याला जोडून, शब्दानं दुखावण्याचं उदाहरण म्हणून, तंदुराची गोष्ट. मी सहा महिने तिचं डोकं कापून मिरवत होते.

यहोशुआचं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. आकाशवाणीवर राज्य चालवायचं नाही, हे मी उद्या परत वर्गात गेले तरी शिकवीन. पण मतं मोजणं एक, आणि मोजल्यावर हरलेल्याचं दळण बंद करणं दुसरं. त्या पानावर दोन्ही लागून आहेत, एकाच दिवसात घडतात. कायद्यानंही याच्याशी बराच झगडा केलाय. मुंबई राज्यानं १९४९ मध्ये बहिष्काराला बंदी घातली, १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला, कारण जमातीतून काढणं हाही काही ठिकाणी धर्माचा भाग. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आला २०१६ चा, लागू झाला २०१७ मध्ये. काकांना त्याचा काही उपयोग नव्हता.

एलिएझरचा शेवट तालमुदातल्याच दुसऱ्या एका ग्रंथात, सन्हेद्रिनमध्ये आहे. ते आजारी पडल्यावर जुने सोबती भेटायला येतात, तेव्हाही चार हात लांब बसतात. इतके दिवस का नाही आलात, ते विचारतात. सवड नव्हती, म्हणतात. मग शुद्ध-अशुद्धाचे प्रश्न विचारत बसतात, जणू काही झालंच नव्हतं. साच्यावरच्या जोड्याचं काय, ते विचारतात. एलिएझर म्हणतात, शुद्ध, आणि त्या शब्दासरशी प्राण जातो. तेव्हा यहोशुआ उभे राहतात आणि म्हणतात, बंधन सुटलं, बंधन सुटलं. बहिष्काराचं बंधन. ते स्वर्गात नाही म्हणणारे हेच यहोशुआ.

हे सगळं मी दादाला फोनवर वाचून दाखवलं. या वेळी आवाज काढले नाहीत. इमा शालोमपाशी तो म्हणाला, "परत वाच." मी परत वाचलं. बराच वेळ फोनवर पंख्याचा आवाज येत होता.

"आईनं मत कोणाला दिलं, ते तिनं कधीच सांगितलं नाही," तो म्हणाला. "अण्णांनी विचारलं पण नाही कधी."

मी काही बोलले नाही.

"आणि ते चार हात म्हणालीस ना. अण्णा गेले तेव्हा मामा आला होता. तुला माहितीय?"

मला माहीत नव्हतं. वडील तेव्हा गावीच होते, काकांच्या मर्तिकाला गेल्याचं त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

"फाटकाच्या आत आला, तुळशीपाशी उभा राहिला. वहाणा काढलेल्या. आई ओटीवर होती, तिनं बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी काही त्याला वर ये म्हटलं नाही. थोड्या वेळानं बघतो तर नव्हता."

वहीच्या डाव्या पानावर, सन्हेद्रिनच्या खाली, मी हे उतरवून ठेवलंय. उजवं पान कोरं आहे.